पिनाका रॉकेट लाँचर: ट्रकच्या बाजूने केलेलं परीक्षण

पिनाका म्हणजे भारतीय लष्कराचा ट्रकवर बसवलेला रॉकेट लाँचर. त्याच्याबद्दल मराठीत जे काही छापून येतं त्यात दोन आकडे हमखास असतात: १२ रॉकेटं आणि ती सगळी सोडायला लागणारे ४४ सेकंद. दोन्ही खरे आहेत. पण लाँचर चांगला की वाईट, हे त्या ४४ सेकंदांवरून ठरत नाही. त्याआधी गाडी किती घट्ट आणि किती सपाट उभी राहिली, मारा झाल्यावर किती लवकर तिथून हलली आणि पुढची १२ रॉकेटं तिच्यापर्यंत कशी पोचली, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून हे परीक्षण रॉकेटाच्या टोकाकडून नाही, चेसीकडून, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याकडून सुरू केलं आहे. पुणे, हैदराबाद, विजापूर आणि तुळजापूरच्या रस्त्यांवर ज्यांची हयात ट्रकांच्या धंद्यात गेली, अशी माणसं सोलापुरात पुष्कळ आहेत. त्यांना यातलं बरंच काही न सांगताही कळेल.

सोलापूरकरांनी या यंत्राकडे लक्ष द्यावं याला आणखी एक कारण आहे. आपण ज्या पुणे–हैदराबाद रस्त्यावर बसलो आहोत, त्याच्या दोन्ही टोकांना पिनाकाचं घर आहे. लाँचर आणि रॉकेटाचा आराखडा पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेचा. आतल्या इंधनाचं काम पुण्यातच सुतारवाडीच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेचं. मार्गदर्शित रॉकेटाला दिशा देणारी उपकरणं हैदराबादच्या रिसर्च सेंटर इमारतची. लाँचर तयार करणाऱ्या दोन कंपन्यांपैकी लार्सन अँड टुब्रोचं काम तळेगावला चालतं, दुसरी टाटांची. रॉकेटं बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात, तर इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज नागपूरची.

आता गाडी. पिनाका बसवलेला आहे टाट्रा ८×८ ट्रकवर, म्हणजे आठ चाकं आणि आठही चाकांना जोर. आपल्या नेहमीच्या मालट्रकला शिडीसारखी चेसी असते, दोन लांब पट्ट्या आणि मध्ये आडवे तुकडे. ओबडधोबड जमिनीवर ही शिडी पिळवटते. मालवाहतुकीत त्याने फार बिघडत नाही, पण वर बसवलेल्या लाँचरच्या तळालाही तोच पीळ बसला तर नेम गेला. टाट्राच्या पोटातून एक जाड पोलादी नळी जाते. चाकांकडे जोर नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्या नळीच्या आत बंद असतो आणि प्रत्येक चाकाचा अर्धा एक्सल त्या नळीभोवती स्वतंत्रपणे वर-खाली झुलतो. एक चाक खड्ड्यात गेलं तरी नळी पिळवटत नाही. धूळ, चिखल, दगड शाफ्टपर्यंत पोचत नाहीत. टाट्रा रिकामी उभी असताना चाकं आत वळल्यासारखी तिरकी दिसतात. तो बिघाड नव्हे, झुलत्या अर्ध्या एक्सलचा तो गुणच आहे. भार पडला की ती सरळ होतात.

टाट्राचं पारंपरिक इंजिन हवेवर थंड होणारं आहे. रेडिएटर नाही, पाणी नाही, फुटणारा होज नाही. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो अशा भागात हा मोठा फायदा. पण त्याची किंमत देखभालीत मोजावी लागते. प्रत्येक सिलिंडरच्या बाहेर पातळ पंख असतात आणि पंख्याची हवा त्यांतून फिरते. तेलाचा ओशटपणा आणि त्यावर बसलेली धूळ यांचा थर त्या पंखांत जमला की हवा वरून निघून जाते आणि एखादाच सिलिंडर तापतो. पाण्याच्या इंजिनात काटा चढलेला ड्रायव्हरला दिसतो. इथे एकच सिलिंडर तापत असेल तर ते सहज लक्षात येत नाही. त्यामुळे तेलाची गळती दिसली की ती त्याच दिवशी बंद करणं आणि पंख दाबाच्या हवेने साफ ठेवणं हाच उपाय. वाळवंटातल्या तुकड्यांना हे पाठ असतं. ज्या गाड्या वर्षाचा बहुतेक काळ शेडमध्ये उभ्या असतात, त्यांच्या बाबतीत विसर पडतो.

गाडी जागेवर आली की चार हायड्रॉलिक जॅक खाली उतरतात आणि भार टायर-स्प्रिंगांवरून निघून जॅकवर येतो. या मुद्द्यावर जास्त वेळ घालवायला हवा, कारण इथेच सगळं कमावलं किंवा घालवलं जातं. तोफखान्यात कोन मिलमध्ये मोजतात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक मिल चुकलं तर एक किलोमीटरवर साधारण एक मीटरचा फरक पडतो, आणि ३८ किलोमीटरवर ३७ मीटरचा. एक मिल म्हणजे किती? तीन मीटर अंतरावरच्या दोन जॅकपैकी एक जॅक तीन मिलिमीटर खचला, तर गाडी एक मिल कलंडते. लाँचर ४५ अंशांवर उचललेला असेल, तर बाजूचा हा एक मिलचा कल जवळजवळ तेवढीच दिशेची चूक देतो. तीन मिलिमीटर म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढी जाडी.

मंगळवेढ्याचं काळं रान ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरून दगडासारखी कडक लागते. पाऊस पडून दोन-चार दिवस झाले की वरचा पापुद्रा वाळतो, वापसा आल्यासारखा दिसतो, पण वीतभर खाली माती लोण्यासारखी मऊ असते. जॅकचा पाय त्या पापुद्र्यावर बसतो, पातळीचा बुडबुडा मध्यावर येतो, सगळं ठीक दिसतं. पहिलं रॉकेट सुटताना धक्का बसतो आणि तेव्हा पापुद्रा फुटतो. म्हणून जागा निवडताना मुरमाड पट्टा किंवा माळ पाहायचा, पहार मारून खालची माती तपासायची, जॅकखाली रुंद फळी किंवा पोलादी पत्रा घालायचा, आणि जॅक टेकवून पातळी साधल्यावर थोडं थांबून पुन्हा पातळी पाहायची. पहिल्या आणि दुसऱ्या पाहणीत फरक आला तर जागा सोडायची. फळ्या वाढवत बसण्यात वेळ जातो आणि भरवसा तरीही येत नाही.

४४ सेकंदांचा हिशेब इथे लागतो. १२ रॉकेटांमध्ये ११ अंतरं, म्हणजे दोन रॉकेटांमध्ये सुमारे चार सेकंद. रशियन ग्रॅड ही जुनी रॉकेट यंत्रणा आपली ४० रॉकेटं २० सेकंदांत सोडते, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. पिनाका हळू आहे असा याचा अर्थ नाही. पिनाकाचं एक रॉकेट २७६ किलोचं, जवळजवळ पाच मीटर लांब आणि २१४ मिलिमीटर व्यासाचं आहे. ते निघून गेल्यावर लाँचरवरचा भार बदलतो, झोताचा मारा बसतो, चेसी डुलते. ती डुलकी शांत झाल्यावरच पुढचं सोडण्यात अर्थ असतो. ग्रॅडचं रॉकेट ६६ किलोचं. तिथे नेमापेक्षा एकदम पाऊस पाडणं हा हेतू होता, म्हणून १९६३ पासून सेवेत असलेली ती यंत्रणा आजही डझनावारी देशांत टिकून आहे. हाताने भरता येते, साधी आहे. भारताकडेही ती आहे. पण २० किलोमीटरचा पल्ला आज अपुरा पडतो, शत्रूच्या १५५ मिलिमीटर तोफा त्याहून लांब पोचतात.

पल्ल्याचे आकडे कागदावर वाचून डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून नुसतं अंतर समजावं यासाठी आपल्या भागातली मोजमापं देतो, सरळ रेषेतली. सोलापूर ते मोहोळ सुमारे ३३ किलोमीटर, अक्कलकोट सुमारे ३५. पिनाकाच्या पहिल्या आवृत्तीचा, मार्क-१ चा पल्ला ३८, म्हणजे एवढाच. तुळजापूर चाळिसाच्या थोडं पुढे. सुधारित मार्क-१ चा पल्ला ४५, तो तिथवर जातो. पंढरपूर ६० च्या आसपास, बार्शी त्याहून थोडं दूर. मार्गदर्शित पिनाकाचा ७५ चा पल्ला या दोन्हींच्या पुढे. विजापूर ९० च्याही पलीकडे, कलबुर्गी शंभराच्या वर. रशियन स्मर्च लाँचर आपल्या मोठ्या रॉकेटाने ९० गाठतो. १२० किलोमीटरच्या पिनाका रॉकेटाची पहिली चाचणी डिसेंबर २०२५ मध्ये ओडिशातल्या चांदीपूरला झाली. ते कलबुर्गीच्याही पुढचं अंतर झालं. एकाच लाँचरवर ३८ पासून १२० पर्यंत, हे या यंत्राच्या वाढीबद्दल बोलकं आहे.

मात्र अमार्गदर्शित, म्हणजे सुटल्यावर दिशा न सुधारणाऱ्या रॉकेटाचा पल्ला वाढला की फैलावही त्याच प्रमाणात वाढतो. इथली सगळ्यात मोठी अडचण वारा. तोफगोळा नळीतूनच पूर्ण वेगाने बाहेर पडतो. रॉकेट मात्र नळीतून संथ निघतं आणि बाहेर आल्यावर वेग घेतं. त्या पहिल्या क्षणांत आडवा वारा शेपटीच्या पंखांवर आदळतो, नाक वाऱ्याकडे वळतं, आणि इंजिन अजून जळत असल्याने रॉकेट त्या नव्या दिशेने जोर लावून जातं. म्हणजे जमिनीलगतचा वारा, जो आपल्याला सगळ्यात किरकोळ वाटतो, तोच सगळ्यात जास्त नुकसान करतो. इंधन संपल्यावर वरच्या थरांतले वारे वेगळा ढकलाव देतात. यासाठी पिनाकाच्या बॅटरीत, म्हणजे सहा लाँचरच्या तुकडीत, हवामानाची स्वतंत्र गाडी असते. ती फुगा सोडून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा, तापमान आणि दाब मोजते. सकाळी सोडलेल्या फुग्याच्या आकड्यांवर दुपारी मारा केला, तर ती गाडी असून नसल्यासारखी. दख्खनच्या पठारावर दुपारी वारं फिरतं हे शेतात मळणी करणाऱ्यालाही माहीत आहे.

तापमानाचीही एक बाजू आहे. घन इंधन गरम असलं की जलद जळतं, थंड असलं की सावकाश. माऱ्याचा हिशेब करणाऱ्या गणकयंत्रात इंधनाचं तापमान भरावं लागतं ते याच कारणाने. आता दुपारच्या उन्हात पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर सहा-सहा रॉकेटांचे दोन पॉड, म्हणजे एकदम उचलून बसवायचे डबे. उन्हाच्या बाजूच्या वरच्या ओळीतली रॉकेटं आणि सावलीतली खालची रॉकेटं सारख्या तापमानाची राहत नाहीत. भरलेला आकडा एकच असतो. एकाच झपाट्यातली रॉकेटं लांब-आखूड पडण्याचं हे एक कारण असू शकतं. जाळी किंवा ताडपत्री घालून दोन्ही पॉड सावलीत ठेवणं, हे शत्रूच्या नजरेपासून लपण्याइतकंच नेमासाठीही गरजेचं आहे.

मार्गदर्शित रॉकेट आल्यावर यातल्या बऱ्याच चुका उड्डाणात दुरुस्त होतात. नाकाजवळ छोटे हलते पंख, आत दिशादर्शक यंत्रणा आणि उपग्रहाचा संकेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या चाचण्या पार पडल्या, त्याही सेवेतल्याच लाँचरमध्ये सुधारणा करून. हा निर्णय फार चांगला. नवीन रॉकेटासाठी नवीन गाडी लागली असती तर खर्च आणि वर्षं दोन्ही वाढली असती. पण मार्गदर्शन आलं म्हणून जॅक, पातळी आणि हवामान यांकडे दुर्लक्ष करता येत नाही. युक्रेनमध्ये हायमार्स या अमेरिकी लाँचरच्या मार्गदर्शित रॉकेटांना उपग्रह-संकेत दाबण्याच्या रशियन उपायांनी त्रास दिला, हे सगळ्यांनी वाचलंय. संकेत गेला की रॉकेट उरलेल्या आतल्या यंत्रणेवर उडतं, आणि ती यंत्रणा सुरुवातीचा कोन किती अचूक मिळाला यावर बरीच अवलंबून असते. शेवटी गाडीपाशीच येतो आपण.

लाँचर चालवण्याच्या चार पद्धती आहेत आणि त्या चारही असणं ही पिनाकाची जमेची बाजू. पहिलीत कमांड पोस्टकडून, म्हणजे माऱ्याचे हुकूम देणाऱ्या गाडीकडून आकडे थेट येतात आणि यंत्र स्वतः वळतं, उचलतं. दुसरीत चालक केबिनमध्ये बसून आकडे भरतो. तिसरीत हातातलं नियंत्रण घेऊन गाडीपासून सुमारे २०० मीटर दूर जाऊन मारा करता येतो. चौथी पूर्णपणे हाताची, संगणक किंवा वीज गेली तरी काम अडत नाही. लाँचर मध्यापासून दोन्ही बाजूंना ९० अंश फिरतो आणि ५५ अंशांपर्यंत उचलला जातो. २०२० च्या २,५८० कोटींच्या करारात जे ११४ लाँचर मागवले, त्यांत आपली जागा आणि दिशा स्वतः ठरवणारी यंत्रणा आहे. अशी यंत्रणा नसली तर आधी मोजणी करून खुणा कराव्या लागतात. तो वेळ वाचतो, ही सगळ्यात उपयोगी सोय आहे असं आमचं मत. पल्ला वाढण्यापेक्षाही.

माऱ्यानंतरची कामं जाहिरातीत नसतात. पिनाकाचं इंधन संमिश्र प्रकारचं. त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतं आणि ओलाव्यात मिसळून त्याचं आम्ल होतं. पावसाळ्यात किंवा दमट किनाऱ्यावर मारा केला आणि लाँचरची मागची बाजू, वायरी, जोडाचे पिन धुतले-पुसले नाहीत, तर हिरवट थर धरतो. पुढच्या वेळी एखादं रॉकेट सुटत नाही. वीज पोचलेलीच नसते. आणि न सुटलेल्या रॉकेटाकडे लगेच धावायचं नसतं, ठरलेली वाट पाहावीच लागते, म्हणजे तेवढा वेळ गाडी जागेवर अडकते. तोच पांढरा दाट धूर कित्येक किलोमीटरवरून दिसतो आणि रॉकेटाचा मार्ग शत्रूच्या तोफा शोधणाऱ्या रडारवर उमटतो. तेव्हा शेवटचं रॉकेट गेलं की जॅक उचलून निघायचं. टाट्राची चेसी इथे आपली किंमत वसूल करून देते.

आता तक्रार. सहा लाँचरच्या बॅटरीला रॉकेटं भरणाऱ्या क्रेनच्या सहा गाड्या, साठा वाहणाऱ्या आणखी सहा, दोन कमांड पोस्ट आणि एक हवामानाची गाडी लागते. बॅटरीचा एक झपाटा ७२ रॉकेटांचा, म्हणजे नुसत्या रॉकेटांचं वजन २० टनांच्या जवळ. चार मिनिटांत पुन्हा भरता येतं असं सांगितलं जातं, पण त्या चार मिनिटांत क्रेनची गाडी लाँचरच्या शेजारी असावी लागते. दोघींना एका जागी, एका वेळी, न दिसता आणायचं. ड्रोनच्या काळात हीच भेट सगळ्यात धोक्याची. अमेरिकी हायमार्सने हे निराळ्या तऱ्हेने सोडवलंय. सहा चाकांची, सुमारे १६ टनांची गाडी, एकच पॉड, सहाच रॉकेटं, पण पॉड जमिनीवरून उचलून घेण्याची सोय लाँचरमध्येच. पॉड आधीच एखाद्या झाडीत टाकून ठेवायचा, लाँचरने येऊन उचलायचा. एका माऱ्यात पिनाका १२०० किलो स्फोटकशीर्ष टाकतो, हायमार्स साडेपाचशेच्या आत. तरी युक्रेनमध्ये २०२२ पासून हायमार्स टिकून राहिलं त्यात या साध्या उचलयंत्राचा वाटा आहे असं आम्हाला वाटतं.

स्मर्चबद्दल थोडक्यात. भारताने २००५ च्या करारानंतर ते घेतलं, ३०० मिलिमीटरचं, ८०० किलोचं एक रॉकेट, १२ नळ्या, ३८ सेकंद. ताकद प्रचंड, पण रॉकेटं एकेक करून नळीत सरकवावी लागतात आणि भरायला २० मिनिटांच्या आसपास जातात. २० किलोमीटरच्या आतलं काही त्याला मारता येत नाही. पिनाकाच्या पॉडची कल्पना इथे सरळसरळ वरचढ आहे.

एका बाबतीत मोकळेपणाने बोलायला हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाकाच्या दारूगोळ्यासाठी १०,१४७ कोटींचे करार झाले. त्यात विस्तृत क्षेत्र रोखणारं, छोटे छोटे बॉम्ब विखुरणारं रॉकेटही आहे. लष्करी उपयोग उघड आहे. पण अशा बॉम्बांपैकी काही न फुटता जमिनीत राहतात आणि लढाई संपल्यावर त्याच जमिनीवर गुरं चरतात, माणसं नांगर धरतात. ज्या सीमेवर हे वापरलं जाईल तिथली शेतं बहुतेक वेळा आपलीच किंवा आपल्याकडे परत येणारी असतील. न फुटणाऱ्यांचं प्रमाण किती, स्वतः निकामी होण्याची सोय आहे का, कुठे पडले याची नोंद कोण ठेवणार, या तीन प्रश्नांची उत्तरं स्वीकृती चाचणीतच मागितली गेली पाहिजेत.

एकूण मत: चेसी उत्तम, पॉडची पद्धत उत्तम, चार पद्धतींचं नियंत्रण उत्तम, रॉकेटांचा वाढता पल्ला समाधानकारक, मार्गदर्शित रॉकेट आल्याने जुनी मोठी उणीव भरून निघाली. १९९९ ला कारगिलच्या शिखरांवर जे वापरलं गेलं आणि आज आर्मेनियाने विकत घेतलंय, त्यात नाव तेवढं सारखं आहे असं नाही, गाभाही तोच टिकला, आणि हे श्रेय आराखडा करणाऱ्यांना द्यायलाच हवं. कमी पडतं ते भरणीत. पुढच्या मागणीत लाँचर वाढवण्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात: प्रत्येक लाँचरमागे क्रेनच्या एकाऐवजी दोन गाड्या, आणि एका पॉडचा, स्वतःच्या उचलयंत्राचा, सहा चाकांचा हलका पिनाका. दोन पॉडांची गाडी मैदानात राहू द्या. घाटात, अरुंद वळणांवर आणि पावसाळ्यातल्या कच्च्या पुलांवर तिची हलकी बहीण जास्त कामाची ठरेल.